दस्तुरीच्या पुढची वाट

गाड्या कोठे उभ्या करावयाच्या, हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक लहानमोठ्या शहराला पडलेला आहे. बाजारपेठेच्या रस्त्याला दोन्ही कडांनी मोटारी व फटफट्या लागलेल्या असतात. मधून उरलेल्या चिंचोळ्या वाटेने बस अंग चोरून जाते. आणि पायी चालणारा मनुष्य गटाराच्या काठाकाठाने जीव मुठीत धरून पुढे सरकतो. नगरपालिका सम-विषम तारखांच्या पाट्या लावते. चार दिवस त्या पाळल्या जातात, आणि पाचव्या दिवशी पाटीच्याच खांबाला कोणीतरी आपली दुचाकी टेकवून निश्चिंतपणे भाजी घ्यावयास जातो.

ह्या प्रश्नाला अगदी टोकाचे उत्तर देणारे एक गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते गाव म्हणजे माथेरान. तेथील उत्तर फार सरळ आहे: कोणाचीही मोटार गावात यावयाची नाही. बाजाराच्या अलीकडे सुमारे अडीच-तीन किलोमीटरांवर दस्तुरी नाका आहे. तेथे मोटार उभी करावी आणि पुढे पायी जावे, घोड्यावर बसावे, छोट्या आगगाडीत बसावे, किंवा माणसांनी ओढावयाच्या रिक्षेत बसावे, अशी तेथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २०११ च्या खानेसुमारीत ज्याची वस्ती पाच हजारांच्या आत भरली, अशा ह्या चिमुकल्या गावाला स्वतःची नगरपरिषद आहे, वेशीवर वाहनतळ आहे, आणि रुळांवरून चालणारी सार्वजनिक गाडीही आहे. मोठमोठ्या शहरांना जे साधले नाही ते ह्या गावाने साधले, असे मी वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. सांगण्यात खोटे काही नव्हते. परंतु गोष्ट अर्धीच सांगितली जात होती, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. मोटार वेशीवर थांबली तरी तिच्यातील म्हातारीकोतारी माणसे, लेकरे, वळकट्या, पेट्या आणि गावात लागणारे पीठमीठ ही वेशीवर थांबत नाहीत. ती पुढे न्यावीच लागतात. ती कोणी न्यावयाची? माथेरानचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरलेला आहे, आणि तोच आज आपणांपुढे मांडण्याचा विचार आहे.

हा इतिहास १८५० च्या मे महिन्यात सुरू होतो, असे इंग्रजी पुस्तके सांगतात. ठाकूर, कातकरी व धनगर ही मंडळी त्यापूर्वी कित्येक पिढ्या ह्या डोंगरात वावरत होती, तेव्हा ‘शोध’ हा शब्द जरा जपूनच वापरलेला बरा. ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू पॉयंट्झ मॅलेट हे चौकेच्या मुक्कामाहून, ज्याला पुढे वन ट्री हिल हे नाव पडले त्या बाजूने, डोंगर चढून गेले आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. वरची गर्द झाडी आणि उन्हाळ्यातही अंगाला सुखावणारा वारा त्यांना इतका मानवला की, त्याच वर्षी ते पुन्हा वर आले आणि त्यांनी तेथे राहण्याची सोय केली. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी नावाची फोड सांगतात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २६०० फूट. म्हणजे महाबळेश्वराच्या मानाने ठेंगणेच. परंतु मुंबईपासून जवळ, हा त्याचा मोठा गुण. लॉर्ड एल्फिन्स्टन हे १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी ह्या जागेकडे लक्ष घातले, आणि मग मुंबईतील साहेबलोकांबरोबर पारशी, बोहरी व गुजराती धनिकांचेही बंगले तेथे उठू लागले.

१८५६ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा रस्ता कल्याणहून खोपोलीकडे सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याचे नेरळ हे स्टेशन झाले. मुंबईहून नेरळपर्यंतचा प्रवास काही तासांचा झाला. पुढची सहासात मैलांची चढण मात्र जशीच्या तशी राहिली. ती चढण्याची साधने म्हणजे तट्टे, पालख्या, खुर्च्या आणि हमाल. पालखीत बसणाऱ्याला डोंगर चढल्याचे श्रम होत नाहीत. परंतु श्रम नाहीसे झालेले नसतात, ते दांडीखाली असलेल्या खांद्यांत वाटले गेलेले असतात. साहेबाची पेटी, मॅडमसाहेबांचा पियानो आणि मुलांचे पाळणे हे सर्व ह्याच खांद्यांवरून वर गेले असले पाहिजे, कारण दुसरा मार्गच नव्हता. त्या खांद्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पॉइंटाला मात्र लुइसा, तळ्याला शार्लट अशी नावे पडली.

पावसाळा लागला की डोंगर रिकामा होतो. बंगल्यांची दारे गवताच्या तट्ट्यांनी बंद होतात, आणि जो हमाल मे महिन्यात दिवसाला तीन खेपा करीत होता तो आषाढात खालच्या गावी दुसऱ्याच्या शेतावर चिखलात उभा असतो. हे आठ महिन्यांचे पोट आणि चार महिन्यांची चिंता, हा माथेरानच्या वाहतुकीचा कायमचा धर्म आहे. पुढे ज्या ज्या सुधारणा आल्या त्यांच्याकडे तेथील कष्टकरी लोकांनी संशयाने का पाहिले, ते समजावयास ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

आता आगगाडीकडे वळू. सर आदमजी पीरभाई हे मुंबईतील मोठे बोहरी उद्योगपती. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन हे माथेरानास जाण्यासाठी एकदा नेरळला उतरले, तेव्हा वर जावयास काहीच वाहन मिळेना आणि त्यांची मोठी गैरसोय झाली. त्या रागात त्यांनी येथे आगगाडीच आणण्याचा निश्चय केला, अशी हकीकत सांगतात. राग पुष्कळांना येतो. त्यातून रेल्वे काढणारा मनुष्य विरळा, आणि त्यासाठी पैसा देणारा पिता त्याहून विरळा. १९०४ मध्ये कामास आरंभ झाला, आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. खर्च १६ लाख रुपये आला, असे नमूद आहे. त्या काळच्या सोळा लाखांची किंमत ज्याने आपल्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या चाळल्या असतील त्याला समजेल.

ह्या रेल्वेचे रूळ एकमेकांपासून अवघे दोन फूट अंतरावर आहेत. पायवाटेने जे अंतर सहासात मैल, ते गाडीला सुमारे एकवीस किलोमीटर म्हणजे तेरा मैल पडते. कारण गाडीला सरळ चढता येत नाही, ती डोंगराला वेढे घालीत जाते. तरीही काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की एक फूट चढावे लागते, इतकी चढण. आपल्या नेहमीच्या रेल्वेला शंभरात एक ही चढणसुद्धा जड जाते, हे सांगितले म्हणजे ह्या आकड्याची कल्पना येईल. वळणे इतकी अवघड की साध्या इंजिनाची चाके त्यांत अडकून बसावयाची. म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल ह्या कारखान्यातून खास इंजिने आणिली. त्यांत टोकाच्या चाकांच्या कण्यांभोवती पोकळ नळ्या बसविल्या होत्या. त्यामुळे वळणावर ती चाके थोडी बाजूस सरकत आणि इंजिन न अडखळता निघून जाई. ह्या बाबतीत बार्शी लाईट रेल्वेचे कर्ते इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्यांचे साहाय्य झाले होते. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्टेशने. मध्ये एकच बोगदा; तो इतका लहान की त्याला एका चुंबनाचा बोगदा असे इंग्रजी नाव पडले आहे. मुलांना सहलीस नेणाऱ्या मास्तराला ते नाव उच्चारताना थोडी पंचाईत होते, एवढे सांगून पुढे जातो.

रेल्वेने पालखीवाल्यांचा मोठा भार उतरविला ह्यात संशय नाही, परंतु संपूर्ण उतरविला नाही. गाडी बाजाराजवळ उभी राहते. बंगले दूरदूर रानात पसरलेले. स्टेशनापासून बंगल्यापर्यंत, बंगल्यापासून पॉइंटापर्यंत कोणीतरी नेणे राहिलेच. शिवाय पावसाळ्यात घाटातील गाडी बंद. ह्या जागी माणसांनी ओढावयाची रिक्षा आली. हे वाहन मूळचे जपानातले. तेथे १८७० च्या सुमारास ते निघाले, आणि दहाएक वर्षांत सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी पोहोचले. पालखीला अनेक माणसे लागत. रिक्षेला दोन-तीन पुरतात. चाके लागल्यामुळे खांद्यावरचे ओझे हातांवर आणि छातीवर आले, इतकाच काय तो फरक. ज्याने तिची दांडी धरली त्याला घोड्याचे काम करावयाचे होते, आणि पुढेही तेच करावे लागले.

पुढे नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटारीचा घाटरस्ता झाला आणि माथेरानची वेस स्टेशनावरून दस्तुरीवर आली. भाड्याच्या मोटारी नेरळहून माणसे भरून आणतात. मुंबई-पुण्याचे लोक स्वतःच्या गाड्या आणतात. सुट्टीच्या दिवशी वाहनतळ भरून जाते आणि मागची रांग घाटात उतरते. जो प्रवासी पूर्वी आगगाडीतून थेट बाजाराशी उतरत असे, तो आता अडीच-तीन किलोमीटर अलीकडे उतरू लागला. त्यामुळे ह्या मधल्या टप्प्याला अतोनात महत्त्व आले. हा टप्पा म्हणजे जांभ्याच्या तांबड्या मातीची, झाडीतून जाणारी, कोठे चढ तर कोठे उतार अशी वाट. पायी जाणाऱ्या धडधाकट मनुष्याला ती आनंदाची. सत्तरीच्या गुडघ्यांना ती तितकी आनंदाची नाही. आणि जो नव्वद किलोंच्या गृहस्थाला व त्याच्या दोन पेट्यांना बसवून ती चढतो, त्याला ती कशी वाटते हे त्यालाच विचारले पाहिजे.

मी विचारले नाही. २००२ साली सातवीच्या मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. दस्तुरीच्या बाजूने येणारी एक रिक्षा चढावर होती. एक मनुष्य पुढे वाकून दांडी ओढीत होता, दोघे मागून रेटीत होते, आणि आत एक वृद्ध जोडपे संकोचून बसले होते. त्यांना चालवत नव्हते हे दिसतच होते, तेव्हा त्यांनाही दोष देण्याचे कारण नाही. आमच्यातील एक मुलगा, ज्याचे वडील बाजारसमितीत पोती उचलण्याचे काम करीत, काही न बोलता पुढे झाला आणि मागच्या दोघांच्या शेजारी हात लावून रेटू लागला. बाकीची मुले हसली. चढ संपला तसा तो परत येऊन रांगेत उभा राहिला. मी त्याला रांग मोडल्याबद्दल बोललो. ते शब्द आठवले की आजही मला अवघड वाटते. त्या दिवशी संध्याकाळी मी मुलांना माथेरानात धूर नाही, भोंगा नाही, हे सुंदर शब्दांत समजावून सांगितले होते.

माथेरानची मोटारबंदी जुनी असली तरी तिला पक्के स्वरूप आले ते ४ फेब्रुवारी २००३ रोजी. त्या दिवशी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने माथेरान व भोवतालचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी अशा अडीअडचणीच्या वाहनांखेरीज मोटारींना गावात मज्जाव झाला. हा निर्णय योग्य होता, असे माझे ठाम मत आहे. ज्या डोंगरावर दोनअडीचशे इंच पाऊस पडण्याच्या गोष्टी आपण सह्याद्रीत ऐकतो, तशा डोंगरावर झाडी तोडून मोटारीचे रस्ते केले तर माती राहत नाही. आणि माती गेली की रान गेले, मग माथा तेवढा उरेल. परंतु त्या जाहीरनाम्यात मोटारीचा विचार जितका झाला तितका रिक्षा ओढणाऱ्याचा झाला नाही. धूर सोडणारे यंत्र वर्ज्य ठरले. धाप टाकणारा मनुष्य नियमात बसला.

इतक्यात रेल्वेवर संकटे येऊ लागली. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसाने मुंबई बुडविली, तसा हा लोहमार्गही ठिकठिकाणी वाहून नेला. तो दुरुस्त होऊन २००७ मध्ये, म्हणजे नेमका शंभराव्या वर्षी, पुन्हा चालू झाला. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याचे प्रकार झाले आणि गाडी बंद पडली. नेरळपासूनची गाडी पुन्हा धावावयास २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा खचला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान ही लहान फेरी मात्र गावाच्या फार उपयोगी पडली. अमन लॉज स्टेशन दस्तुरीच्या वाहनतळाला लागूनच आहे. तेव्हा मोटार ठेवावी आणि दहावीस मिनिटांत गाडीने बाजारात उतरावे, अशी ही सोय. खरे पाहता वाहनतळ आणि सार्वजनिक गाडी ह्यांची ही सांगड म्हणजे पुस्तकात घालावी अशी आहे. परंतु गाडीचे डबे थोडे, फेऱ्या ठराविक, आणि रविवारी उतरणारी माणसे हजारांनी.

येथे थोडा परदेशाचा दाखला देतो. स्वित्झर्लंडात झेरमाट नावाचे असेच पर्वतातील गाव आहे. तेथेही मोटारीला बंदी. पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे मोठे वाहनतळ; तेथून थोड्याथोड्या मिनिटांनी आगगाडी सुटते आणि गावात पोहोचवते. गावातील रेल्वे १८९१ ची, म्हणजे आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी जुनी. येथपर्यंत दोन्ही गावे बहिणी शोभतील. फरक पुढे आहे. झेरमाटच्या स्टेशनावरून हॉटेलापर्यंत सामान व माणसे नेण्यास विजेच्या घटमाळेवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, ठेंगण्या गाड्या आहेत. धूर नाही, आवाज बेताचा, आणि ओढावयास मनुष्य नाही. मोटारबंदी आणि मनुष्याची प्रतिष्ठा ह्या दोन्ही एकत्र नांदू शकतात हे तेथे दिसते. अर्थात तेथील रस्ते, तेथील पैसा आणि तेथील पाऊस निराळा, हे मला मान्य आहे. आमच्या गावी कोणत्याही नव्या सूचनेला हे तीन आक्षेप प्रथम येतात, म्हणून मीच घेऊन ठेवतो.

माथेरानात बॅटरीवरची रिक्षा आणावी, ही मागणी करण्यात प्रथम पुढे होते ते स्वतः हातरिक्षावाले, आणि त्यांची बाजू वर्षानुवर्षे चिकाटीने लावून धरण्यात तेथील एक निवृत्त शिक्षक होते. आमच्या धंद्यातील मनुष्य म्हणून हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि थोडी शरमही वाटते. विरोध पर्यावरणाच्या नावाने झाला तसा घोडेवाल्यांकडूनही झाला. घोडेवाल्यांची भीती पोकळ नव्हती. ज्याने कर्ज काढून जनावर घेतले आहे, पावसाळ्याचे चार महिने जो त्याला बसून चारतो, त्याला दस्तुरीवर ठराविक दराची गाडी उभी राहिलेली दिसली की पोटात गोळा उठणारच. शिवाय एक शिरला की दुसरा शिरेल, आज तीन चाकांची बॅटरीची गाडी आणि उद्या चार चाकांची मोटार, ही शंकाही अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. आपल्या देशात अपवाद नियमाला कसे गिळतात, ते आपण पाहतोच.

अखेर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगादाखल परवानगी दिली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी सुरू झाल्या. शाळेच्या मुलांना ५ रुपये, इतरांना ३५ रुपये असा दर होता. बाहेरच्या प्रवाशाला ह्या आकड्यांत विशेष वाटणार नाही. परंतु जी मुले दप्तर पाठीवर घेऊन लांबून पायी शाळेत येतात आणि पुन्हा पायीच जातात, त्यांना पाच रुपयांत गाडी मिळाली, ही त्या गावातील लहान गोष्ट नव्हे. प्रयोगाची मुदत संपली तशी ती मुले पुन्हा चालू लागली.

नंतर हा आकडा वीस रिक्षांपर्यंत वाढला, आणि त्यापाठोपाठ नवा वाद उभा राहिला. हातरिक्षेचे परवाने ९४, आणि नव्या रिक्षा वीस. त्या कोणाला द्यावयाच्या? जे आजवर दांडी ओढीत आले त्यांना न मिळता त्या हॉटेलधंद्यातील लोकांच्या हाती जातात, अशी तक्रार न्यायालयापुढे आली. हा अनुभव केवळ माथेरानचा नाही. ज्याच्या घामाच्या नावाने योजना निघते, तिचा लाभ वाटताना तो रांगेत मागे पडतो. रस्त्याचाही वाद होताच. दस्तुरीपासून बाजारापर्यंत मातीच्या भाजलेल्या ठोकळ्यांची फरसबंदी घातली गेली, तेव्हा घोड्यांचे पाय घसरतात, रानाचे रूप जाते, पाणी मुरत नाही, असे आक्षेप आले. उलट बाजूने असे म्हणणे होते की, उघड्या मातीवर पावसात ओघळ पडतात आणि दरवर्षी वाट खोल जाते. हे तज्ज्ञांचे काम. मी त्यात मत देण्यास पात्र नाही.

मार्च २०२५ मध्ये दस्तुरी पुन्हा वर्तमानपत्रांत झळकली. गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांना आगगाडीची फेरी चालू नाही, पुढे जाण्यास दुसरे साधन नाही, असे खोटेच सांगून त्यांच्याकडून मनमानी पैसे घेतले जातात, ह्या तक्रारीवरून गावकऱ्यांनीच गाव बंद ठेवले. आपल्याच दाराशी येणाऱ्या पाहुण्यांची फसवणूक होते म्हणून दुकाने बंद करणारे गाव विरळा. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाहनतळ ही नुसती गाड्या ठेवावयाची जागा नाही. तेथे अनोळखी मनुष्य पाय जमिनीवर ठेवतो, त्याला पुढची वाट ठाऊक नसते, हातात सामान असते, बरोबर मुले रडत असतात, आणि त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा असतो. तेथे दराची ठळक पाटी आणि गाडीची वेळ दाखविणारा फलक असणे हे गावाच्या इभ्रतीचे काम आहे. कोणत्याही शहराच्या एस. टी. स्टँडाबाहेर पहाटे उतरलेल्या मनुष्याला हे निराळे सांगावयास नको.

त्यानंतर आला ६ ऑगस्ट २०२५ चा निकाल. सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन व न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया ह्यांच्या पीठाने माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा हुकूम दिला. स्वातंत्र्याला इतकी वर्षे लोटल्यावरही माणसाने माणसाला ओढण्याची चाल राहावी, ही गोष्ट घटनेतील सामाजिक न्यायाच्या वचनाला काळिमा लावणारी आहे, असा त्या निकालाचा आशय. त्यात एका जुन्या खटल्याचे स्मरण केलेले आहे. १९८० मध्ये पंजाबातील रिक्षावाल्यांच्या संघाने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. तो पायरिक्षांचा प्रश्न होता. जो चालवील त्यालाच परवाना, असा तेथील कायदा. आणि चालविणाऱ्याजवळ रिक्षा विकत घेण्यास पैसा नाही. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी कायदा रद्द करण्याऐवजी रिक्षावाल्यांना बँकेचे कर्ज मिळून त्यांनीच मालक व्हावे, अशी व्यवस्था आखून दिली. पंचेचाळीस वर्षांनंतर माथेरानच्या खटल्यात त्याच धाग्याला हात घातला गेला.

ह्या निकालातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग बंदीचा नाही. बंदी घालणे सोपे असते, आणि नुसत्या बंदीने त्या ९४ घरांच्या चुली विझल्या असत्या. न्यायालयाने राज्य सरकारास सांगितले की, गुजरातेत केवडिया येथे जशी ई-रिक्षांची योजना आहे तशी येथे करावी; सरकारने रिक्षा विकत घेऊन खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात; खरे कोण हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावे; उरलेल्या रिक्षा गावातील आदिवासी स्त्रिया व इतर गरजूंना मिळाव्यात; आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही. रस्त्याविषयीही मध्यममार्ग काढला: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरसबंदी असावी, रानातील आतल्या वाटांवर आणि पायवाटांवर ती करू नये. मोटार बाहेर, रान आत, आणि ओढणारा मनुष्य चालकाच्या जागेवर, अशी ही मांडणी आहे.

माथेरानात १९१२ साली जन्मलेले, तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळीला बळी पडलेले हुतात्मा भाई कोतवाल हे नाभिक समाजातले, कष्टकऱ्यांच्या घरचे. हा निकाल त्यांच्या गावी यावयास त्यांच्या हौतात्म्यानंतर ब्याऐंशी वर्षे लागली. इतिहास शिकविणाऱ्याला अशा वजाबाक्या करण्याची खोड असते.

पाऊस ओसरून नेरळहून गाडी सुटू लागली की पुन्हा एकदा तेथे जाण्याचा विचार आहे. जाताना आगगाडीने आणि येताना बाजारापासून दस्तुरीपर्यंत पायी, कारण उतरताना अजून गुडघे साथ देतात. वाटेत एखादी ई-रिक्षा थांबविणार आहे. तीत बसावयाचे आहे म्हणून नव्हे. ती चालविणाऱ्याला, तो ह्यापूर्वी ह्या वाटेवर कोणते काम करीत होता, एवढे विचारावयाचे आहे.